गणपतीआधीचा क्लोरीनचा ट्रक

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. त्यामुळे रायगडातल्या आमच्या एमआयडीसीत बंदीआधी सगळ्यांचीच कच्चा माल भरून ठेवायची घाई. त्या संध्याकाळी आमच्या गेटवर क्लोरीनचा ट्रक आला. ट्रकवर सहा टनर, म्हणजे गॅसचे मोठे सिलिंडर; शेडमध्ये भरलेले आठ.

मी इथली सेफ्टी ऑफिसर. चलन बघून तिथेच हिशेब केला. टनरमध्ये ९०० किलो, म्हणजे चौदांचे १२.६ टन. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत क्लोरीनची पहिली मर्यादा १० टनांची आहे. साठा तिथवर जाणार असेल तर किमान तीन महिने आधी 'डिश'ला, म्हणजे कारखान्यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, लेखी कळवावं लागतं. आमचा साठा कायम त्याच्या आत, त्यामुळे तसं काही कळवलेलं नव्हतं.

"मॅडम, पेसोच्या परवान्यात जागा आहे. रजिस्टरला दहाच टनर लावा, बाकीचे गणपती झाले की चढवू," परचेसचे साहेब म्हणाले. पेसो म्हणजे अशा गॅस सिलिंडरच्या साठ्याला परवाना देणारी केंद्रीय संस्था.

मला संताप आला तो यासाठी की कंपाउंडपलीकडे उतारावर वाडी आहे. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड. गळला तर जमिनीलगत उताराकडेच सरकणार. एरवी वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद असतात. गणपतीत मात्र मुंबईहून चाकरमानी येतात आणि पडवीतसुद्धा अंथरुणं पडतात. आमचा साठा सगळ्यात जास्त, आणि वाडीत माणसंही सगळ्यात जास्त, तीही त्याच आठवड्यात! अग्निशमन दलाने निघायचं ते आम्ही कागदावर दिलेल्या आकड्यावर. तो खोटा असेल तर त्यांनी माणसं कुठवर हलवायची?

मालकांना फोन लावला. कायद्याने भोगवटादार, म्हणजे कारखान्याला जबाबदार, ते; सहीही त्यांचीच. त्यांनी ऐकून घेतलं, मग प्रॉडक्शन मॅनेजरना लाइनवर घेतलं. ते म्हणाले, "मग अकरा घ्या, ९.९ टनच होतात." पण रिकाम्या म्हणून रचलेल्या टनरमध्येही थोडा गॅस उरतोच, तो कोण मोजणार? मी दहा टनरवर अडून बसले. शेवटी मालक म्हणाले, "दहाच. प्लांट कमी लोडवर चालवा."

दोनच टनर उतरवले. होइस्टने एकेक खाली घेतला, टोपण काढून व्हॉल्व्हजवळ अमोनियाचा बोळा फिरवला. गळती असती तर पांढरा धूर उठला असता; तो कुठे दिसला नाही. चार टनर घेऊन ट्रक बंदी लागायच्या आत परत गेला. परचेसचे साहेब पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

आता पुढच्या वर्षासाठी चौदा टनरचा साठा रीतसर कळवायचे कागद मी तयार करते आहे. सोबतच्या आपत्कालीन आराखड्यात वाडीतली माणसं गणपतीतली धरली आहेत, एरवीची नाहीत.