बाबांच्या वहीतली झड

मागच्या आठवड्यात बाबांची पावसाची वही पुन्हा काढून बसले. सांवेरकडच्या आमच्या शेतावर त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि आकड्याशेजारी एखादा शब्द लिहायचा : भुरभुर, सर, उघाड, झड.

जुन्या पानांवर 'झड' सारखी भेटते. तीन-तीन, चार-चार दिवस सलग. इंदूरच्या घरी तेव्हा आई शाळेचे गणवेश इस्त्री फिरवून सुकवायची, आणि शेतावर काळी माती सावकाश पाणी पीत राहायची. सोयाबीन यायच्या आधी माळव्यात बरीच जमीन पावसाळाभर पडीक ठेवत आणि नुसत्या मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू काढत. त्या गव्हामागे ही झड होती.

आता वही माझ्याकडे आहे. बटाईनं शेत करणारे काका सकाळी फोनवर आकडा सांगतात, मी लिहिते. २०२३च्या ऑगस्टचं पान बघवत नाही. देशात १९०१पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन नेमकं फुला-शेंगांत, आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. सप्टेंबरच्या मध्यावर मग असा कोसळला की बांध फुटला, वरची माती नाल्यात गेली. काका त्यांच्या माळवीत म्हणाले, "पाणी तो घणो पड्यो, पण जमीन ने पीयो नी." पाणी खूप पडलं, पण जमीन ते प्यायली नाही.

मोसमाची बेरीज केली की असलं वर्षही फार वाईट दिसत नाही. मला राग येतो तो त्या बेरजेचा. २००६ साली हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २०००च्या नोंदी तपासून हेच दाखवलं होतं : अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि दोन्ही मिळून सरासरी जवळपास जागच्या जागी. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. ते एकदम सुटतं तेव्हा मातीला प्यायला वेळच मिळत नाही.

थंडीचंही तसंच. २०२२चा मार्च एवढा तापला की गव्हाचा दाणा भरायच्या आतच सुरकुतला. त्या पानावर बाबांनी स्वतः लिहिलंय, 'होळीलाच वैशाख'. त्यांच्या अक्षरातली ती शेवटच्या काही नोंदींपैकी एक.

यंदा सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरायचं ठरवलंय. जास्तीचं पाणी दोन वरंब्यांमधल्या सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर तिथली ओल कामी येते. बियाण्याचं बोलणं झालंय, यंत्र भाड्यानं मिळतंय.

वहीतही एक रकाना वाढवलाय : 'किती तासांत'. काकांना सांगितलंय, पाऊस सुरू झाला की घड्याळ बघा, थांबला की पुन्हा बघा. रात्री दोन वाजता असला तरी फोन करा.