पत्रकात चार ओळी, आमच्या अकरा फेऱ्या

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत आमदारांचं उन्हाळी पत्रक वाटून गेले. गुळगुळीत कागद, चार पानं, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, वर हात जोडलेला फोटो. कुठले आमदार ते विचारू नका, बेळगाव जिल्ह्यात १८ आहेत, त्यातले एक धरा. हिवाळ्यात सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, अधिवेशन आणि उन्हाळ्यात पत्रक, हे आमच्याकडचे दोन सण.

पत्रक तसं वाईट नव्हतं हां. टँकर कुठल्या वारी कुठल्या गल्लीत, गटारी पावसाच्या आधी काढणार, २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ पण त्याला काय लागतं, लाईट गेली तर १९१२, बायकांना बस फुकट, आणि एका चौकटीत मोठ्या अक्षरात ‘दुपारी १२ ते ३ उन्हात बाहेर पडू नये’. ही चौकट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि तिसऱ्या पानावर त्या चार ओळी : गृहलक्ष्मीचे पैसे येत नसतील तर रेशन कार्ड, आधार आणि पासबुक घेऊन जवळच्या सेवा केंद्रात जावे, दुरुस्ती करून घ्यावी. झालं. एवढंच. (गृहलक्ष्मी म्हणजे घरातल्या मोठ्या बाईला कर्नाटक सरकार महिन्याला पैसे देतंय ती योजना.) त्या चार ओळींसाठी आमच्या अकरा फेऱ्या झाल्या म्हणून हे लिहूलालोय, नाहीतर मी कशाला लिहितोय.

आमचं प्रकरण असं. रेशन कार्डावर घरातली मोठी बाई म्हणून आजीचं नाव होतं, ‘मने यजमानी’. २०२३ च्या ऑगस्टात योजना सुरू झाली तेव्हापासून महिन्याचे २००० आजीच्या खात्यात यायचे, कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. आजी दिवाळीनंतर गेली. मग आईला यजमानी करायचं आणि तिच्या नावानं अर्ज घालायचा, एवढंच काम. मृत्यूचा दाखला वगैरे लगेच मिळाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते कार्डावर.

पहिल्यांदा गेलो तर सर्वर इल्ल. दुसऱ्यांदा सर्वर होतं पण तिद्दुपडी, म्हणजे दुरुस्ती, बंद. हे कुणीच सांगत नाही म्हणून मी सांगतो, रेशन कार्डाची दुरुस्ती बारा महिने चालू नसते, खात्याचं पोर्टल काही दिवसांपुरतं उघडतंय, त्यातपण कधी नुसतं सकाळचे काही तास, आणि तेवढ्या वेळात सगळ्या राज्याची माणसं तिथंच. म्हणजे पत्रकात ‘दुरुस्ती करून घ्यावी’ लिहिण्याआधी दुरुस्ती कधी उघडी असते ते लिहायला नको? मी केंद्रातल्या पोराला विचारलं कधी उघडणार तर तो म्हणाला ‘नाळे बन्नी’, उद्या या. त्याचं ते उद्या मे महिन्यात उगवलं.

उघडलं त्या दिवशी सकाळी सातला जाऊन नंबर लावला, आमचा ४१ वा. आई बसनं आली, तिचं शून्याचं टिकीट, मी सोबत आलो की माझं पूर्ण, त्यावरून ती मला बसमध्ये चिडवते. केंद्र म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, बाहेर एक शेवग्याचं झाड, त्याला सावली ती किती. आमचा नंबर आला साडेबाराला. ती चौकट आठवते ना, १२ ते ३? आम्ही बारा वाजून गेले तरी उन्हातच उभे होतो, आणि एका काकूंच्या हातात तेच पत्रक होतं, त्या त्यानं वारा घेऊलाल्या होत्या. त्या पत्रकाचा तेवढा उपयोग मी डोळ्यानं बघितला.

आत गेलो. आईनं अंगठा ठेवला. मशीनचा लाल उजेड लागला, विझला. पोरानं कापडानं काच पुसली, आईनं पदराला अंगठा पुसला, परत. परत विझला. मग उजवा, डावा, तर्जनी, मधलं, करंगळीपर्यंत दहाच्या दहा बोटं झाली, बोटाला पाणी लावून झालं, फुंकर मारून झाली. पोरगा आईचा हात उलटा करून बघत म्हणाला, ‘अम्मा, निम्म बेरळिगे गेरेने इल्ल.’ बोटाला रेघाच नाहीत.

कशा असतील. आमच्या पश्चिमेकडच्या भागात उन्हाळा म्हणजे काजू. आई फेब्रुवारीपासून रोजानं काजू सोलायला जाते, त्या टरफलातला चीक कातडी खातो, राख लावा नाहीतर तेल लावा, बोटांची टोकं काळी पडतात आणि मग साल निघते. जवळून बघितलं तर अंगठा बटाट्यासारखा गुळगुळीत. आई मराठीतच तडकली, ‘रेघा नाहीत तर काजू काय ह्याच्या आज्यानं सोललं?’ पोराला मराठी कळतंय, तो हसला, पण हसून अंगठा येत नाही. म्हणाला ओटीपी घेऊ. आधारला कुठला नंबर जोडलाय बघितलं तर माझ्या भावाचं जुनं सिम, जे त्यानं गोव्याला कामाला गेल्यावर टाकून दिलं. संपलं. ‘पुढचं यावा.’

इथं मी जरा आवाज चढवला, खोटं कशाला बोलू. पाच तास उन्हात काढून सहा मिनिटांत बाहेर. मागं एक कन्नड अक्का उभी होती, तिनं मला बाजूला घेतलं आणि समजावलं की आरडून काही होत नाही तम्मा, माझ्या सासूचं पण असंच झालेलं, पंधरा दिवस काम बंद ठेवा, रात्री कोकमाचं तेल चोळा, साल भरून येते, आणि नाहीच आलं तर शहरातल्या एका केंद्रात डोळ्याचं मशीन आहे तिथं जावा. आधारला बोटं चालत नसतील तर डोळ्याच्या बुबुळावरून पण ओळख पटते हे मला माहीत नव्हतं, केंद्रातल्या पोरानं सांगितलं नव्हतं, आणि पत्रकात तर नव्हतंच. आता तुम्हाला सांगतो : आधी विचारा, ‘डोळ्याचं मशीन आहे काय?’, मगच नंबर लावा.

पंधरा दिवस काम बंद म्हणजे पंधरा दिवसांचा रोज बंद, ऐन हंगामात. आईनं साफ नाही म्हटलं. दोन हजारांसाठी त्याच्यापेक्षा जास्त घालवायचे काय, हा तिचा हिशोब, आणि हिशोब बरोबर होता.

मग मी आमदारांच्या जनसंपर्क ऑफिसात गेलो, पत्रक हातात घेऊन, मुद्दाम तिसरं पान वर करून. तिथल्या पोरानं चहा दिला आणि शिफारसपत्र देतो म्हणाला. मी म्हटलं अंगठ्याला शिफारस चालत नाही. तेव्हा मात्र त्यानं एक कामाचं केलं, कुणाला तरी फोन लावून विचारलं आणि सांगितलं की परवा दहा ते एक पोर्टल चालू राहणार. तेवढंच, पण ते खरं निघालं. म्हणून सांगतो, आमदारांच्या ऑफिसात पत्र मागायला जाऊ नका, तारीख विचारायला जावा.

हो, मधे एक राहिलं. आधारला चालू मोबाईल नंबर जोडून घ्या, सगळ्याच्या आधी. आम्ही हे शेवटी केलं, आधी केलं असतं तर अर्ध्या फेऱ्या वाचल्या असत्या.

परवा म्हणजे त्या दिवशी शहरातल्या केंद्रात गेलो. डोळ्याचं मशीन दुर्बिणीसारखं असतंय, आईला वाटलं चष्म्याचा नंबर काढूलालेत, तिनं विचारलं पण, ‘किती आला?’ दुसऱ्या झटक्यात ओळख पटली. मी मनात म्हटलं झालं, आता घरी जाऊन जेवू. तर स्क्रीनवर आईचं नाव बघून ऑपरेटर थांबला.

आईच्या नावाची सुरुवात ज्ञ नं होते. आता हा ज्ञ बघा. आपण मराठीवाले बोलताना ‘द्न्य’ म्हणतो, आणि आधार काढताना मामानं इंग्रजी स्पेलिंग तसंच सांगितलं, डी-एन-वाय. कन्नडमध्ये ज च्या पोटाखाली दुसरं अक्षर लटकवतात आणि इंग्रजीत जे-एन लिहितात, रेशन कार्डावर आणि म्हणून पासबुकावर तेच. मी चौथीपासून कन्नड शिकलो, बोलतो घडाघडा, पण वाचताना ह्या खाली लटकलेल्या अक्षरांपाशी अजून अडतो. आणि आधारवर इंग्रजीच्या जोडीला जे कन्नड नाव आहे ते मशीननं डी-एन वरून केलंय, त्यामुळं तिथं चक्क ‘ड्न्या’ आहे. म्हणजे एकच बाई, तीन नावं. ६० वर्षं ज्या नावानं हाक मारली ते ह्यातलं एकपण नाही.

ऑपरेटर म्हणाला आधार बदलून आणा. इथं घाई करू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतंय, आणि आईचं आधीच एकदा बदलून झालंय. आता शेवटची संधी मशीनच्या ड्न्यासाठी घालवायची आणि उद्या दुसरीकडं कुठं अडलं की बसायचं. मी म्हटलं आधारला हात लावायचा नाही, आधारवर जसं आहे तसं कार्डावर घाला. तो तयार झाला, पण बँकेत जे-एन आहे त्याचं काय? ते तुम्ही बघा म्हणाला.

बँकेचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिथं मी हरलो. काउंटरवर ॲफिडेव्हिट आणा म्हणाले, ते आणलं तर मॅनेजर रजेवर. शेवटी पोस्टमन कामाला आला. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं आधारवरूनच उघडतं, त्यामुळं नाव तेच ड्न्या, आणि आधार जोडून द्या म्हटलं की तेपण तिथंच होतंय. गृहलक्ष्मीचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं येतात, हे कळायला मला जून लागला. तोवर काजूचा हंगाम संपलेला, अंगठ्याला थोड्या रेघा आलेल्या, पोस्टमनच्या मशीनवर तिसऱ्या खेपेला लागला. आईनं अंगठ्याकडं असं बघितलं की जणू परगावी गेलेला पोरगा आलाय.

त्यानंतर गृहलक्ष्मीचा अर्ज. त्याला नवऱ्याचं आधार पण लागतं, बाबांना सोबत न्या किंवा निदान त्यांचा मोबाईल न्या. नवरा किंवा बायको इन्कम टॅक्स नाहीतर जीएसटी भरत असेल तर उगाच फेरी मारू नका, मिळत नाही. अर्जाला पैसे लागत नाहीत, आमच्याकडं एकानं शंभर मागितले, मी पावती द्या म्हटल्यावर शंभर विसरला.

आणि अर्ज घालून बरेच दिवस काही हललं नाही तर १९०२ ला फोन करा, राज्याची तक्रारीची लाईन आहे, कन्नडमध्ये बोलावं लागतंय पण मोडकं चालतंय, तक्रारीचा नंबर मागून कागदावर लिहून ठेवा. रेशनसाठी १९६७ वेगळा. हे दोन नंबर पत्रकाच्या मागच्या पानावर अगदी खाली, छापखान्याच्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात होते. खरं तर सगळ्या पत्रकात कामाचं तेवढंच होतं, आणि आम्ही ते पान आंब्याच्या अढीत घातलेलं. मेव्हण्यानं आंबे चाळताना वाचून दाखवलं.

सकालबद्दल पण विचारतात काहीजण, म्हणजे सरकारी काम ठरलेल्या दिवसांत करून द्यायची कर्नाटकातली योजना. उत्पन्नाचा, जातीचा दाखला नाडकचेरीत (महसूल खात्याच्या गावाजवळच्या कचेरीत) काढताना जी पावती मिळते तिच्यावर पंधरा आकडी नंबर असतोय, तो सकालचा. २०११ च्या कायद्यानं ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० भरपाई मागता येते. ती पावती टाकू नका. सकाल म्हणजे कन्नडमध्ये योग्य वेळ. आमच्या तर नुसत्या सकाळी गेल्या.

जुलैच्या शेवटी आईच्या मोबाईलवर मेसेज आला. ती रताळ्याच्या वेली लावूलाली होती, शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं तर तिला खरं वाटेना, संध्याकाळी पोस्टमनला घरी बोलवून पाचशे काढून बघितले. उरलेले तसेच ठेवलेत, कशाला ते सांगत नाही.

नवीन कार्ड पण आलं. घरी आणून नीट वाचलं, अक्षर लावत लावत. यजमानी बदलली की घरातल्या सगळ्यांचं नातं नव्यानं भरावं लागतंय, कारण आधी सगळे आजीचे कोण ते लिहिलेलं असतंय. बाबा आजीचे ‘मग’ होते ते आता ‘गंड’ झाले, म्हणजे मुलग्याचे नवरा, बरोबर. आई ‘सोसे’ होती, सून, ती आता यजमानी, बरोबर. माझ्या नावापुढं ऑपरेटरनं बदललंच नाही, ‘मोम्मग’ तसंच राहिलंय. म्हणजे सरकारदरबारी मी सध्या माझ्या आईचा नातू आहे. रेशन दुकानदार वाचून एवढा हसला की तांदूळ मापायचा थांबला. आई म्हणते राहू दे, त्यात काय बिघडतंय. पोर्टल परत कधी उघडणार ते विचारायला मी सोमवारी आमदारांच्या ऑफिसात जाणार आहे.