डबाभर पिक आणि एक पॉलिश पेपर

गिटारच्या दुकानात पिक, म्हणजे तारा छेडायचा तो छोटा चपटा तुकडा, मागितला की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येतो: थिन, मीडियम की हेवी? मीही कित्येक वर्षं ‘मीडियम’ म्हणायचो आणि हातात येईल तो पिक खिशात टाकून बाहेर पडायचो. पिक हरवायचाच असतो. सोफ्याच्या फटीत जातो, वॉशिंग मशीनमध्ये जातो, कधी गिटारच्या पोटात पडतो आणि गिटार उलटी करून हलवत बसावं लागतं. दहा-वीस रुपयांच्या वस्तूवर डोकं कोण चालवणार?

चालवावं लागलं ते रेकॉर्डिंगमुळे. आमचा डोंबिवलीत हौशी गट आहे. भावगीतं, थोडी जुनी हिंदी गाणी. सोसायटीचे कार्यक्रम, कुणाच्या साठीशांतीला दोन तास. तबला, पेटी, गाणारी दोघं आणि गिटारवर मी. अशाच एका कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, ठीक वाजत होते, पण प्रत्येक कॉर्डच्या आधी एक कोरडं ‘टिक’ येत होतं. तबला थांबून नुसतं गाणं आणि गिटार उरलं की ते टिक गाणारीच्याही पुढे येऊन बसायचं. तारा नव्या होत्या, गिटार तीच होती, मग राहिला पिक.

मुंबईत धोबी तलावला एक चक्कर मारली आणि वाद्यांच्या दुकानातून जेवढे प्रकार मिळाले तेवढे एकेक उचलले. काही ऑनलाइन मागवले. मित्रांच्या गिटारच्या बॅगांतूनही बरेच निघाले. भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याच्याकडून व्हर्नियर घेतलं आणि प्रत्येक पिकची जाडी मोजून मार्करने आकडा टाकला. काही पिकवर जाडी छापलेली असते, पण साध्या पिकवर नुसतं ‘मीडियम’ असतं, आणि एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या थिनला लागून असतं. फेंडर या गिटार कंपनीचा सेल्युलॉइडचा (हे एक जुनं प्लॅस्टिक) मीडियम ०.७१ मिलिमीटरच्या आसपास भरतो. बिननावाच्या पाकिटातल्या मीडियमचा काही नेम नाही.

चाचणीची पद्धत साधी ठेवली. ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या पोटाची साधी गिटार, तारा बारा नंबरच्या जाडीच्या सेटच्या, मोबाइल तिपाईवर एकाच जागी, ठेका देणारा मेट्रोनोम मिनिटाला ऐंशी ठोक्यांवर. आधी जी, ई मायनर, सी, डी हे चार कॉर्ड स्ट्रम करायचे, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम पिक फिरवायचा, मग भूपाची एक छोटी सरगम एकेका सुरात वाजवायची. सरगम मुद्दाम डीच्या तारेवर सुरू करायची, कारण ती वरून बारीक तार गुंडाळलेली तार आहे आणि पिकचा खरा खरखराट तिथेच कळतो. वरच्या दोन साध्या तारांवर बहुतेक पिक गोड लागतात.

साहित्याचा फरक लगेच कळला. सेल्युलॉइड सगळ्यात जुनं. न्यूयॉर्कच्या डी’आंद्रिया कंपनीने १९२०च्या दशकात सेल्युलॉइडचे पिक छापायला सुरुवात केली, आणि आपण ज्याला ‘नेहमीचा आकार’ म्हणतो तो ३५१ नंबरचा आकार त्यांच्याच यादीतला. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. पिक घासला की नाकाला तो वास येतो, अगदी देवघरातला. टेबल टेनिसचे जुने चेंडू याचेच, मूकपटांच्या फिल्मही याच कुळातल्या, आणि म्हणूनच ते भुरकन पेटतं. आगीपासून लांब ठेवलेलं बरं. आवाज मात्र उघडा, भरलेला. स्ट्रमिंगला मला अजूनही सेल्युलॉइडच आवडतं.

त्याआधी उत्तम पिक म्हणजे कासवाच्या कवचाचा. हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं कवच वापरायचे. (आपल्याकडे वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले, ती निराळी.) सत्तरच्या दशकात साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला आणि भारतात ते कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. हौशी लोक अजूनही ‘जुना असली पिक’ म्हणून हळू आवाजात काहीबाही सांगतात. त्या वाटेला जाऊ नका. डनलॉप या पिक बनवणाऱ्या कंपनीने १९८१ साली टॉरटेक्स आणला तो याच कवचाची जागा घ्यायला. म्हणून त्याच्यावर कासवाचं चित्र आहे. तो डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचा असतो, पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा मॅट, आणि जाडी रंगावरून ओळखता येते: नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८. अंधाऱ्या स्टेजवर ही सोय मोठी आहे.

नायलॉनची गंमत वेगळी. आकडा ०.७३चा, पण हातात सेल्युलॉइडच्या ०.७३पेक्षा कितीतरी लवचीक. म्हणजे जाडी बघून पिक घेणाऱ्याची इथेच पंचाईत होते. शिवाय नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि आणखी मऊ पडतं. उन्हाळ्यात घेतलेला नायलॉनचा पिक जुलैमध्ये मला खरोखर ढिला वाटला. मनाचे खेळ असतील म्हणून नवा काढून शेजारी वाकवून बघितला, तर नवाही तसाच. डोंबिवलीच्या पावसात पाकीट काय आणि डबा काय.

आता भाच्याची परीक्षा. मी एकेक पिक वाजवत गेलो, त्याने क्लिपना नुसते नंबर दिले, क्रम पुन्हा उलटापालटा केला आणि आम्ही दोघं हेडफोन लावून बसलो. “मामा, तिसरा आणि पाचवा एकच आहे ना?” तो म्हणाला. ते पिवळा आणि हिरवा टॉरटेक्स होते. मलाही त्यांत फरक सांगता आला नाही, आणि हाताला तर ते दोन वेगळे प्राणी वाटतात! नायलॉन मात्र आम्ही दोघांनीही दर वेळी ओळखला. टिक जवळजवळ नाही अशी एकच क्लिप होती. ती कसली म्हणून बघितलं, तर माझ्या जुन्या डब्यात तळाशी पडलेला, छाप पुसला गेलेला सेल्युलॉइड मीडियम. त्याच कंपनीचा, त्याच जाडीचा कोरा मीडियम टिकटिकीत वरच्या नंबरावर होता.

इथून पुढे जाडीचा विषय मागे पडला. भाच्याच्या लहानपणच्या पोस्टाच्या तिकिटांच्या छंदातलं भिंग शोधून काढलं आणि दोन्ही पिकच्या कडा पाहिल्या. सेल्युलॉइडचे पिक पत्र्यातून वॉशर छापावेत तसे पातळ शीटमधून ठोकून काढतात, मग घोळवून गुळगुळीत करतात. स्वस्तातल्या पिकमध्ये हे घोळवणं आवरतं घेतलेलं असतं. कडेला बारीक खवले आणि एक धारदार काठ राहतो. नायलॉन साच्यातून येतं, त्यामुळे त्याच्या कडेवर मधोमध साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, नखाला लागते. जुन्या पिकची कड मात्र वाजवून वाजवून गोल आणि आरशासारखी झाली होती, तीही एकाच बाजूला, कारण उजव्या हाताने वाजवणारा पिक नेहमी त्याच कलाने धरतो.

टिक येतं ते तारेला पिक टेकताना. खरबरीत कड गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांवरून घसरताना करकरते, आणि पिक पातळ असेल तर वाकून सुटतानाचा फटकाही त्यात मिळतो. शिवाय टोक जितकं अणकुचीदार, तितके वरचे स्वर जास्त जागे होतात आणि आवाज चरचरीत होतो. टोक गोलसर असलं की तोच सूर जाडसर, भरदार येतो.

मग कोऱ्या पिकची कड घरी घासून बघायची ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागितला तर काकांनी विचारलं, “कसला रंग काढायचाय?” गिटारचा पिक दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता ४००, ८०० आणि १५०० नंबरचा एकेक कागद दिला. कागद पाण्यात भिजवून काचेवर ठेवायचा, पिक साधारण तिरका धरायचा, आपण वाजवताना धरतो त्याच कलाने, आणि हलक्या हाताने एकाच दिशेने ओढत जायचं. ४००वर फार वेळ घालवू नये, टोक खाल्लं जातं आणि आकार बिघडतो. ८००वर कड गुळगुळीत होते. १५००नंतर जुन्या जीन्सच्या कापडावर जोरात घासलं की चमक येते. सेल्युलॉइड आणि टॉरटेक्स यांना हे सोसतं. नायलॉन दाद देत नाही. घासताना त्याची लव निघते, कड केसाळ होते. त्याच्यासाठी ब्लेडने साच्याची रेघ अलगद खरवडायची आणि थेट १५००वर जायचं, तेवढंच.

घासण्याआधीची आणि नंतरची क्लिप एकाच पिकची, एकाच गिटारवरची, पण भाच्याने दोन वेगळे पिक म्हणून नोंदवली. आमच्या गाणारीला, जिला पिक म्हणजे काय याच्याशी काही देणंघेणं नाही, तिलाही फरक पटकन कळला.

मध्ये काही अघोरी प्रयोगही झाले. जुन्या डेबिट कार्डातून कापलेला पिक सगळ्यांनी ऐकलेला असतो. कार्डाची जाडी जगभर ०.७६ मिलिमीटर ठरलेली आहे, म्हणजे कागदावर छान मीडियम. प्रत्यक्षात पीव्हीसी मऊ, आवाज बसका, आणि कड थोड्याच वेळात फेसाटते. सोसायटीच्या पोरांना शिकवताना वाटायला ठीक. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे इंग्लंडच्या जुन्या सिक्स पेन्स नाण्याने वाजवतात, हे वाचून मी कपाटातलं गेंड्याचं चित्र असलेलं चार आण्यांचं नाणं काढलं. २०११ सालापासून ते चलनात नाही आणि व्यासाला दोन्ही सारखीच, १९ मिलिमीटरच्या आसपास. पण सिक्स पेन्स तांबं-निकेलचं, आपलं पोलादी. भूपाचा गंधार येईपर्यंत मी ते खाली ठेवलं. तारांचे वेढे कसले राहतात त्याच्यापुढे.

करवंटीचा पिक मात्र मनात घर करून राहिला. सरोदिये ज्या जव्याने वाजवतात तो नारळाच्या करवंटीचा करतात, आणि सरोदच्या तारा धातूच्याच असतात, तेव्हा गिटारवर का नको? हॅक्सॉच्या पात्याने तुकडा कापला, कानसीने त्रिकोणी आकार दिला, टोकाकडे उतार काढला, शेवटी १५००चा कागद आणि बोटभर खोबरेल. जाडी तीनेक मिलिमीटर, थोडासा वाकडा, त्यामुळे अंगठ्यात छान बसतो. एकेका सुराला असा गोल आणि आतला आवाज दुसऱ्या कुठल्याच पिकने दिला नाही. स्ट्रमिंगला निरुपयोगी, तारांत अडकतो. टोक झिजत राहतं, म्हणून कानस जवळ ठेवावी लागते. पण नारळ काय, रोजच फुटतो.

घामाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण परदेशी परीक्षणांत त्याचा फारसा विचार नसतो. मे महिन्यात पंखा नसलेल्या स्टेजवर गुळगुळीत सेल्युलॉइड तिसऱ्या गाण्यापासून बोटांत फिरायला लागतं. चकचकीत पिक धरायला वाईट आणि वाजवायला चांगला, हा मूळ भांडणाचा मुद्दा. मी टोकाकडचा भाग चमकवतो आणि धरायच्या जागी ४००च्या कागदाने मुद्दाम ओरखडे काढतो. टॉरटेक्सला त्याची गरज नाही, मॅटपणामुळे तो धरून राहतो. मोठा त्रिकोणी पिक घेतला तर आणखी उत्तम: धरायला जागा भरपूर, आणि एक टोक झिजलं की फिरवून दुसरं.

पिक किती बाहेर काढून धरता त्यावरही बरंच अवलंबून आहे. ०.६०चा पिक टोकाजवळ चिमटीत धरला तर तो ०.८८सारखा ताठ वागतो, सैल धरला तर लवलवतो. म्हणून एकाच्या हातात गोड लागलेला पिक दुसऱ्याला कर्कश वाटतो आणि दोघंही खरं बोलत असतात. ‘अमुक गिटारवादक हाच वापरतो’ या शिफारशीचा मला म्हणूनच उपयोग झाला नाही. पस्तीस डॉलरच्या वरचे जे पिक मिळतात, त्यांची वर्णनं मी मन लावून वाचली आणि तिथेच थांबलो. एवढ्या पैशांत तारांचे दोन सेट येतात, आणि पिक सोफ्यात जातो तो जातोच.

लाल जॅझ थ्री हा छोटासा १.३८ मिलिमीटरचा नायलॉन पिक इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा लाडका आहे. मला तो ड्रेडनॉटवर फार लहान पडला. बोटंच तारांना लागतात. मित्राच्या इलेक्ट्रिक गिटारवर मात्र वेगाच्या जागा त्याने सहज निघाल्या, म्हणून तो मी त्यालाच देऊन टाकला.

सध्या कार्यक्रमाला जाताना डब्यात घासलेले सेल्युलॉइड मीडियम कॉर्डसाठी, त्रिकोणी टॉरटेक्स घामाच्या दिवसांसाठी आणि करवंटीचा एक मधल्या तुकड्यांच्या सुरावटीसाठी असतो. अंतऱ्यात गाणारी एकटी असली की पिक तळहातात दडवून बोटांनी वाजवतो. तिथे कुठल्याच पिकचं काम नाही. डनलॉपच्याच अल्टेक्स नावाच्या प्लॅस्टिकचा ०.९० नुकताच आणलाय. झिजायचं नावच घेत नाही, पण गुंडाळलेल्या तारांवर किंचित चिवचिवतो. त्याची कड अजून १५००च्या कागदावर गेलेली नाही.