अरुंद गल्लीसाठी गाडी निवडताना: माझा अनुभव

पणजीतील मळा आणि फोंताइन्यास हे अल्तिनो टेकडीच्या पायथ्याचे भाग मोटारी येण्याच्या कितीतरी आधी वसले, आणि तेथील गल्ल्यांची रुंदी आजही बव्हंशी तेवढीच आहे. आमचे घर अशाच एका गल्लीत आहे. जुनी गाडी बदलायचे ठरले तेव्हा बाबांनी दोनच अटी घातल्या: नवी गाडी घराशेजारच्या बोळात उभी राहिली पाहिजे, आणि कोणाच्याही आधाराशिवाय त्यांना तिच्यातून उतरता आले पाहिजे. सत्तरी ओलांडल्यावरही ते स्वतः गाडी चालवतात आणि त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची होती.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी मी टेप घेऊन बोळ मोजला. घराची भिंत आणि शेजारचा चिऱ्यांचा गडगा यांच्यामध्ये 2,250 मिलिमीटर जागा भरली. गल्लीतील सर्वांत चिंचोळी जागा एका घराच्या बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, पायऱ्यांपाशी आहे; तिथे 2,080 मिलिमीटरच मिळतात, आणि नेमके तिथूनच वळण सुरू होते.

आपल्याकडे लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, अशी समजूत करसवलतीमुळे रूढ झाली आहे. परंतु ही सवलत लांबी आणि इंजिन पाहते, रुंदी पाहत नाही. म्हणूनच चार मीटरच्या आत बसणारी ब्रेझा 1,790 आणि नेक्सॉन 1,804 मिलिमीटर रुंद आहे. जपानमध्ये केई या सर्वांत लहान मोटारींच्या वर्गातील गाडीला 1,480 मिलिमीटर रुंदीची मर्यादा आहे, आणि जुन्या वस्त्यांतून राहणाऱ्यांना असा नियम किती उपयोगी पडत असेल, हे आमच्या गल्लीत उभे राहिले की लगेच पटते. माहितीपत्रकात दिलेली रुंदीही आरसे सोडून असते. शोरूममधल्या गाड्यांना मी आरशापासून आरशापर्यंत टेप लावून पाहिला, तेव्हा आरसे उघडे असताना वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढत असल्याचे दिसले. त्यामुळे ब्रेझासारखी गाडी त्या पायऱ्यांपाशी आरसे मिटूनच न्यावी लागली असती.

उरल्या त्या गाड्यांत ऑल्टो के10 सर्वांत अरुंद, 1,490 मिलिमीटर. एस-प्रेसो 1,520, वॅगन आर 1,620 आणि टियागो 1,677. एमजीची कॉमेट 1,505 मिलिमीटर रुंद असून तिची वळणत्रिज्या अवघी 4.2 मीटर आहे, त्यामुळे आधी मला तीच योग्य वाटली. मात्र तिला दोनच दरवाजे आहेत, ते लांब आहेत, आणि लांब दरवाजा भिंतीशेजारी फारसा उघडत नाही. बोळात गाडीची रुंदी जितकी मोजावी, तितकेच दाराचे उघडणेही मोजावे लागते.

डावी बाजू भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवली, तर चालकाच्या बाजूला ऑल्टोत 66, वॅगन आरमध्ये 53 आणि टियागोत जेमतेम 47 सेंटिमीटर उरतात. कागदावर ऑल्टो सरळ जिंकत होती. तरीही मी टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या घरी आणण्याचा आग्रह धरला, आणि शोरूममधल्या मुलाने तो आनंदाने मान्य केला. ऑल्टोत बाबा बसले सहज, पण उतरताना खालच्या सीटवरून उठण्यासाठी त्यांना पुढे वाकावे लागले. डोके दाराच्या चौकटीखालून काढता काढता गुडघा दारावर आपटला. वॅगन आरची उंची 1,675 मिलिमीटर आहे आणि सीटही उंच. त्यांनी आधी डावा हात स्टीअरिंगवर टेकला, उजवा पाय खाली ठेवला आणि जवळजवळ सरळ उभे राहून ते आडवे सरकत बाहेर आले. तेरा सेंटिमीटर कमी जागा असूनही त्यांना तीच गाडी सोपी गेली. “उतरताना दम लागला नाही,” एवढेच ते म्हणाले, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

वळणाची परीक्षा त्यानंतर झाली. वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून जाते, म्हणून पायऱ्यांना धोका पुढच्या बंपरपेक्षा मागच्या दाराचा असतो. मागच्या पार्किंग सेन्सरला, जो 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत सक्तीचा आहे, बाजूचे काहीच कळत नाही. वॅगन आरची वळणत्रिज्या 4.7 मीटर, एकदाही मागेपुढे न करता ती वळली.

मनात खटकत राहिली ती सुरक्षितता. गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टियागोला 2020 मध्ये चार तारे मिळाले होते, तर वॅगन आरला 2023 मध्ये एकच. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायचे तर महामार्ग टळत नाही, त्यामुळे हा फरक हलका मानणे मला जमत नव्हते. 2025 पासून वॅगन आरच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आल्या, ही जमेची बाजू. तरी गाडीचा सांगाडा त्यामुळे बदलत नाही. टियागोतून 47 सेंटिमीटरमध्ये बाबांना उतरता येत नव्हते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले होते, म्हणून हा तोटा समजून-उमजून स्वीकारला आणि लांबच्या प्रवासाला ही गाडी न्यायची नाही असे घरात ठरवले.

आता बोळात मागच्या चाकांसाठी एक लाकडी ओंडका आडवा टाकला आहे आणि डाव्या भिंतीला रबराची पट्टी ठोकली आहे. बटणाने मिटणारे आरसे वरच्या प्रकारातच मिळतात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, आणि या गल्लीत ते योग्य ठिकाणी खर्च झाले असे मला वाटते. मागच्या सीटवर तिघे बसले की खांद्याला खांदा लागतो. मंगेशीला सगळे निघालो तर आई पुढे बसते आणि आम्ही मागे दाटीवाटीने बसतो.