वाऱ्याच्या रेघा

शनिवार, लाँग बीच, कॅलिफोर्निया

कंबोडिया टाउनमधल्या विहारात आज बीपीचा कॅम्प. रांग सांभाळायचं काम माझं, टेबलाशी बाँग. बाँग म्हणजे ख्मेरमध्ये, कंबोडियाच्या भाषेत, थोरलं भावंड. आरोग्य विभागात ती माझी साहेब, पण हाक हीच.

सत्तरीच्या एका आजींनी बाही वर केली आणि माझ्या पोटात गोळा आला. दंडापासून पाठीकडे लालजांभळ्या रेघा. घरात कुणी मारतंय की काय! बाँगने नुसतं विचारलं, "ख्याल?" आजींनी मान डोलावली. ख्याल म्हणजे वारा (आपला गाण्यातला नव्हे). बाम चोळून नाण्याच्या कडेने कातडी खरवडायची, की आत अडकलेला वारा निघून जातो. माझी आजीही उठसूट "वारं लागलं" म्हणायची, तरी मला सुचलं ते मारहाणीचंच.

मग बाँगने विचारलं, वारा कधी चढतो? रात्री, फार विचार आले की. विचार कसले, हे तिने विचारलं नाही. 1975 ते 1979, कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्टांची राजवट, सुमारे 17 लाख माणसं गेली. आजींची दोन मुलं त्यातच. 2005 साली छापून आलेल्या पाहणीत इथल्या कंबोडियन निर्वासितांपैकी 62 टक्के लोकांना त्या आघाताचा मनोविकार होता. वीसेक वर्षं अमेरिकेत काढल्यानंतर!

नाणं बंद करा, असं बाँग म्हणाली नाही. नाणं फिरवा, पण बीपीची गोळी चुकवू नका, आणि प्रहोक जरा हात आखडून. प्रहोक म्हणजे आंबवलेल्या मासळीचा खारट लगदा. त्यावर आजी अशा हसल्या की गोळी घेतील, प्रहोक सोडणार नाहीत, हे मलासुद्धा कळलं.

फॉर्म लावताना पाहिलं, किती जणांची जन्मतारीख 1 जानेवारी! खरी तारीख सांगणारं कुणी उरलं नाही, की कागदावर हीच पडते. बाँगची तारीख मात्र खरी आहे. ती थायलंडच्या सीमेवरच्या खाओ-इ-दांग छावणीत जन्मली. ख्मेर वाचायला मात्र तिशीत शिकली, विहारातल्या भन्तेंकडे, पोरांच्या वर्गात बसून.

येताना गाडीत तिने ख्मेर शब्द सांगितले. आरोग्य म्हणजे 'सोखफीप', लिहितात मात्र सुखभाव. दवाखान्याच्या शब्दात आपलं मंदिर आहे आणि वैद्यही. मी दोनदा म्हणायला लावलं.

आता मान धरलीये. आजींनी दिलेली बामची डबी आहे. क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्याच्या, कडेला दाते असतात, म्हणून कुठलं नाणं घेऊ असा बाँगला मेसेज टाकला. उत्तर आलं: निकेल (पाच सेंटचं, गुळगुळीत कडेचं) घे, आणि वरून खाली.