तटाची जाडी, पाच आणे

रेवदंड्याची ती मोजणी होऊन चार महिने झाले. नकाशावर सही झाली, त्याच्या 'क' प्रती, म्हणजे नकला, दोन्ही पक्षांना गेल्या, फाईल कपाटात गेली. तरी मी अजून त्या पोफळीच्या वाडीतून बाहेर पडलेलो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी थोडं कामाबद्दल. लोकांना वाटतं मोजणीवाला येतो आणि जमीन मोजतो. खरं तर आम्ही जुनं माप जमिनीवर शोधतो. इंग्रजी अमलातल्या पहिल्या पैमाषीत, म्हणजे सरकारी मोजणीत, कोणीतरी साखळी ओढत शेतातून गेला, त्याने कागदावर आकडे लिहिले, त्या कागदाला टिपण म्हणतात. आजही वाद झाला की शेवटी त्या टिपणाशी यावं लागतं. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून जरासा मोठा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. इतकं सोपं आणि इतकं पक्कं माप मी दुसरं पाहिलेलं नाही. पहिली मोजणी एखाद्या पक्षाला मान्य नसली की वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा येऊन करायची मोजणी ती निमताना. गेली काही वर्षं माझ्याकडे बहुतेक निमतानेच येतात. म्हणजे भांडण पिकल्यावरच मी पोचतो.

ही वाडी रेवदंड्याच्या कोटाच्या आत, समुद्राच्या बाजूला. एका सर्व्हे नंबराचे दोन हिस्से. पश्चिमेचा, तटाला लागून असलेला, एका ऐंशीच्या घरातल्या आजींचा. पूर्वेचा त्यांच्या पुतण्याचा. पुतण्या मुंबईला असतो, त्याचा हिस्सा विकायचा ठरलाय. अलिबागपासून इथपर्यंतच्या वाड्यांना आलेले भाव सगळ्यांना माहीत आहेत. दोघांच्या मध्ये दगडी गडगा आणि गडग्याच्या अलीकडे, आजींच्या बाजूला, बाव, म्हणजे विहीर. पहिल्या मोजणीत हद्द गडग्यापासून दहा फूट पश्चिमेला सरकली आणि बाव पुतण्याच्या हिश्श्यात गेली. बावीशिवाय पोफळीची वाडी म्हणजे काय, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

पहिली मोजणी ज्या तरुण सहकाऱ्याने केली तो हुशार आहे. यंत्र त्याच्या हातात खेळतं. पण त्याच्या पिढीचा एक दोष मला सतत दिसतो. पडद्यावर जे दिसतं तेच जमिनीवर आहे असं ती धरून चालते. पूर्वेच्या गल्लीकडचा हद्दीचा दगड रस्ता रुंद करताना गेला होता. उरला तट. टिपणात लिहिलंय, तटापासून सामाईक हद्द ६ साखळी ११ आणे, म्हणजे सुमारे ६७ मीटर. उपग्रहाच्या चित्रात तटाची पुळणीकडची कड स्पष्ट दिसते. त्याने तिथून ६७ मीटर धरले आणि खुणा दिल्या. महिन्याला अमुक मोजण्या झाल्याच पाहिजेत असं डोक्यावर असल्यावर दुसरं काय होणार! त्याला मी दोष देत नाही असं म्हणणार होतो, पण देतो. वाडीत तासभर जास्त थांबला असता तर त्याला प्रश्न पडला असता. तट ही रेघ नाही, भिंत आहे. ६ साखळी ११ आणे मोजायचे ते भिंतीच्या कोणत्या अंगापासून?

सकाळी सातला पोचलो. वाडीत रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र, चालणार नाही हे ठाऊक होतं. पोफळी आणि माडांच्या छताखाली उपग्रहाचे सिग्नल पानापानांवर आपटून येतात, यंत्र 'फ्लोट'वरच, म्हणजे अंदाजी जागेवर, झुलत राहतं आणि 'फिक्स', म्हणजे पक्की जागा, मिळाला तरी त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून पुळणीवर, उघड्या आभाळाखाली दोन बिंदू पक्के केले आणि तिथून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने, तटाच्या भगदाडातून आत शिरलो. आत तीन स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी झाप बाजूला धरायला एक माणूस आणि यंत्राचा किरण परत पाठवणारा प्रिझम धरायला दुसरा. प्रिझमवाला कोर्लईचा. मध्येच त्याला घरून फोन आला आणि तो त्यांच्या 'नो लिंग'मध्ये बोलू लागला. खाडीपलीकडच्या त्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीची ही पोर्तुगीजातून निघालेली बोली आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, बोली राहिली. सातखणीच्या मनोऱ्याचा एकच कोपरा मी दोन स्टेशनांवरून पाहून दिशा तपासली. नाव सातखणी असलं तरी सातही मजले आज उभे नाहीत, पण जे आहे ते माडांच्या डोक्यावरून दिसतं. फ्रान्सिस्कन चर्चचा तो मनोरा मोजणीदाराला अजून उपयोगी पडतो. फिरून पहिल्या बिंदूवर आलो तेव्हा फरक १२ मिलिमीटर. त्या वाडीत, त्या झाडीत १२ मिलिमीटर. हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि तो लपवायचं कारण नाही.

पण यंत्राचं काम तिथे संपलं. पुढचा प्रश्न भिंतीचा होता.

तटाचं बाहेरचं अंग पुळणीवरून दिसत होतं. आतल्या अंगाचा मात्र पत्ता नव्हता. तिथे दगडमातीचा ढीग, त्यावर वडाची मुळं, रानजाई, वाळू. जुन्या वास्तूच्या जागी कुदळ लावायची नाही, हा माझा नियम आहे. मग मी आजींना विचारलं, "आजी, तटाचं आतलं अंग कुठं होतं, काही आठवतंय?"

"मी लग्न होऊन आले तेव्हाच हा असा पडलेला होता," त्या म्हणाल्या. "पण उंडी पडली ना, तिच्या खड्ड्यात भिंत दिसते."

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या सत्तरेक पोफळी मोडल्या आणि ढिगाच्या कडेचं मोठं उंडीचं झाड मुळासकट उपटून पडलं. खड्डा त्यांनी झावळ्या टाकून झाकला होता. झावळ्या उपसल्या, टाकळा बाजूला केला आणि आत उतरलो. कमरेइतक्या खोलीवर तीन घडीव दगड, एका ओळीत, एका पातळीत. मधल्या सांध्यात चुना. नखाने खरवडून पाहिला, नख चाललं नाही. चुन्यात शिंपल्याचे बारीक पांढरे तुकडे. दगडांची तोंडं पूर्वेकडे, आमच्याकडे. हेच आतलं अंग. प्रिझम त्या दगडाला टेकवला. आत आणि बाहेर यांतलं अंतर सव्वातीन मीटरला जरा कमी. साखळीच्या मापात पाच आणे.

पाच आणे म्हणजे सव्वादहा फूट. म्हणजे बाव.

एवढी जाड भिंत का, तर त्याचं उत्तर या गावाच्या इतिहासात आहे. आपण आज चौल आणि रेवदंडा अशी दोन गावं म्हणतो, बंदर मात्र एकच. कान्हेरीच्या लेण्यांत 'चेमुल'च्या दात्यांचे लेख आहेत, म्हणजे इथल्या व्यापाऱ्यांकडे तेव्हाच दानधर्माला पैसा होता. अरब त्याला सैमूर म्हणत, दहाव्या शतकात त्यांचा प्रवासी मसुदी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी निकितिन विकायला घोडा घेऊन इथे उतरला आणि जुन्नरला त्याचा घोडाच जप्त झाला. तो पुढे सुटला, हे त्याचं नशीब. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. घोडे यायचे, इथलं रेशमी कापड जायचं. अशा खाडीच्या तोंडावर हक्क सांगायला सगळेच येणार. १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी इथे पोर्तुगीजांना हरवलं, त्यात त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा पडला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्याच पोर्तुगीजांनी कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला तेव्हा वस्तीला पुरता तट नव्हता, घरांच्या आडोशाने लढावं लागलं. पोर्तुगीज वेढ्यातून तगले आणि मग गावाभोवती तोफेला दाद न देणारी भिंत आली. पाच आण्यांचं कारण हे.

आणि मला नेमकं हवं होतं ते पुढचं. ही भिंत पडली कधी? १७३९ मध्ये वसई पडली, पुढच्या वर्षी चौल मराठ्यांकडे आलं. पुढे मुंबई वाढली, व्यापार तिकडे गेला. ओसाड कोटात लोकांनी वाड्या केल्या आणि लागेल तसा दगड तटातून काढला. आजींच्या घराचा चौथरा त्या दगडाचा, गडगा त्या दगडाचा, बावही. "माझ्या सासऱ्यांनी खणली," आजी सांगत होत्या, "एक दगड विकत नाही आणला." कठड्याच्या एका चिरेबंद दगडावर दोराच्या सात-आठ खाचा पडल्यात, बोट सहज बसेल एवढ्या खोल. रहाट मोडल्यावर पंप येईपर्यंत हाताने पाणी ओढलं, त्याच्या त्या खाचा. पुतण्या बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "काकी, त्यातली एक तरी माझ्या आईची आहे." आजी काही बोलल्या नाहीत. खोटं नव्हतं ते. वाटण्या होण्याआधी दोन्ही जावा त्याच दोराला होत्या.

आता कागद. पैमाषीच्या मूळ टिपणात आमच्या नंबराला तट ही एकच रेघ. पण उत्तरेच्या लगतच्या नंबराचं टिपण मी आदल्या दिवशी अभिलेखातून काढून घेतलं होतं. ही सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावली. शेजाऱ्याचा कागद बघितल्याशिवाय शेतात पाय ठेवायचा नाही. त्या टिपणात, त्याच हस्ताक्षरात, तटापाशी दोन रेघा आहेत आणि मध्ये बारीक आकडा, ५. पाच आणे! त्या खड्ड्यात बसून तो आकडा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या माणसाने भिंत मोजली होती. उत्तरेच्या नंबराचा हद्दीचा दगड जागेवर आहे. तिथून माप धरलं तर रेघ खड्ड्यातल्या तीन दगडांवर अर्ध्या आण्याच्या आत येते. म्हणजे त्याची साखळी भिंतीच्या आतल्या अंगाला टेकत होती. साहजिकच आहे. उभ्या भिंतीतून साखळी कशी ओढणार?

आतल्या अंगापासून ६ साखळी ११ आणे मोजले. रेघ गडग्याच्या पोटातून गेली. बाव आजींची.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ६ साखळी ११ आणे हे माप मूळ पैमाषीचं नाही. ते पोटहिश्श्याच्या, म्हणजे नंबराचे हिस्से पाडतानाच्या, मोजणीचं आहे आणि ती दोन पिढ्यांनंतर, दुसऱ्या कोणीतरी केलेली. तेव्हा भिंत उभी होती का? आजी आल्या तेव्हा ती पडलेली होती. मोजणीच्या दिवशीही पडलेली असेल, तर साखळी ढिगावरून पलीकडे जाऊ शकत होती आणि त्याला बाहेरची कड सोयीची वाटली असेल. तसं असेल तर माझा तरुण सहकारी बरोबर आणि मी चूक.

क्षेत्रावरून कळेल असं कोणी म्हणेल. हिश्श्याचं क्षेत्र त्याच मापांवरून काढलेलं असतं, त्यामुळे कुठूनही मोजा, ते जुळतंच. मग दोन्ही हिश्श्यांची बेरीज मूळ नंबराशी लावून पाहिली. भिंत आत धरली गेली असती तर बेरीज गुंठाभर वाढायला हवी होती. वाढलेली नाही, आण्यापैशाने जुळते. हे माझ्या बाजूचं आहे आणि मी अहवालात तेच लिहिलं. पण बेरीज जास्तच नीट जुळते. जुने लोक हिस्से पाडताना उरलेला फरक सगळ्यांत वाटून मेळ बसवत. मी स्वतः उमेदवारीत असे कागद पाहिलेत. इथे मेळ बसवलाय की मुळातच बसलाय, हे त्या पानावरून कळत नाही.

पुतण्याने जबाबावर सही केली. हरकत घेतली नाही. जाताना एवढंच विचारलं, "साहेब, तुमची खात्री आहे ना?" मी हो म्हणालो. निमतानदाराला दुसरं उत्तर देता येत नाही, कारण त्याच्या नकाशावर 'बहुधा' असा शेरा नसतो.

नकाशा काढायला बसलो तेव्हा संगणकावर तटासाठी एकच रेघ येत होती. मी दोन काढल्या. मध्ये लिहिलं, तटाची जाडी ३.१५ मीटर (५ आणे), आतलं अंग उंडीच्या खड्ड्यात प्रत्यक्ष पाहिलं. खड्ड्यातल्या मधल्या दगडाचे निर्देशांक खाली दिले. तरुण सहकाऱ्याने विचारलं की एवढं कशाला. मी त्याला उत्तरेच्या नंबराचं टिपण दाखवलं आणि त्यातल्या पाचाच्या आकड्यावर बोट ठेवलं. तो बराच वेळ कागद हातात धरून होता. मग म्हणाला, पुढच्या वेळी रेवदंड्याला जाल तेव्हा मला घेऊन जा, तो खड्डा मला बघायचाय.

पावसाळ्याआधी जायला हवं. नंतर त्यात पाणी भरतं.