चार प्रथिनं आणि तीनदा परत आलेली फाइल

ठाणे-वाशी गाडीने ऐरोली सोडली की अजूनही ती फाइल आठवते आणि डोकं तापतं. एमएस्सीच्या प्रबंधासाठी मला बघायचं होतं, ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्सची प्रथिनं शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत कशा मिसळवतात. प्लाझ्मिड (जनुकं पेशीत नेणारे डीएनएचे गोल तुकडे), पेशी, गाइडची सही, सगळं पटापट जमलं. अडलं ते प्रयोगाला परवानगी देणाऱ्या जैवसुरक्षा समितीपाशी.

तीनदा फाइल परत. शेरा एकच: ‘जिवंत विषाणू कुठे ठेवणार?’ अहो, विषाणू नव्हताच! होती फक्त त्याची चार जनुकं. पहिल्यांदा मी एका ओळीत उत्तर दिलं. दुसऱ्यांदा रागाने बारा पानं जोडली, ती कुणी उलटलीही नसावीत. तिसऱ्या वेळी तर शेरा अक्षरन् अक्षर तोच होता. अकरा आठवडे गेले.

मॅडम म्हणाल्या, “काय करणार नाहीस ते आधी लिही.” मग एकच पान लिहिलं. या प्रयोगात विषाणू नाही, विषाणूचा जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, नाही, म्हणून नवा विषाणू तयार होणार नाही. जीडी हे विषाणूचं प्रथिन समोरच्या पेशीवरच्या नेक्टिन-१ या ग्राहीला, म्हणजे विषाणूला धरू देणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. तो इशारा जीएच-जीएल या प्रथिनांच्या जोडीकडे जातो, ती जीबी या चौथ्या प्रथिनाला जागं करते, आणि जीबी आकार बदलून दोन पेशींची पटलं एकत्र ओढतं. खरं जोडकाम जीबीचं, पण हर्पीस सिम्प्लेक्समध्ये बाकीच्या तिघांशिवाय ते हलत नाही.

असा प्रयोग करणार असाल तर सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशीच घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. त्यांच्यावर या विषाणूसाठी लागणारी ग्राही मुळात नसते, त्यामुळे नेक्टिन-१ घातलेल्या आणि न घातलेल्या पेशींतला फरक स्वच्छ दिसतो. आणि पेशी दाट वाढू देऊ नका, नुसती गर्दीही मिसळल्यासारखी भासते.

बैठकीत समितीतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी पान वाचलं आणि विचारलं, “म्हणजे झँक स्मिअरमध्ये दिसतात त्याच राक्षसी पेशी?” हो, त्याच! नागीण-कांजिण्यांच्या फोडाच्या तळाची खरवड रंगवली की दिसणाऱ्या, अनेक केंद्रकांच्या. नागीण-कांजिण्यांच्या त्या विषाणूकडे तर जीडीसुद्धा नसतं, तरी पेशी मिसळतात. पाच मिनिटांत मंजुरी मिळाली.

तुमच्या अर्जातही असं एखादं ओळखीचं उदाहरण पहिल्याच पानावर ठेवा. तुलनेसाठीचा, जीबी वगळलेला गटही त्यातच लिहून टाका, मागाहून बदल सुचवला की फाइल पुन्हा फिरते.

प्रयोगाच्या दुसऱ्या सकाळी केंद्रकं निळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकाच पेशीत चौदा केंद्रकं होती. मी तीनदा मोजली.